तिथे आपलीच माणसे आहेत!

मोंबासाला जाऊन येतो, असे मी चार ठिकाणी बोललो, तेव्हा चारही ठिकाणी मला तीच तीन वाक्ये ऐकायला मिळाली. पहिले, "जपून जा हो मास्तर!" दुसरे, "सिंह बघून या!" आणि तिसरे, अगदी पाठीवर थाप मारून, "काळजी कसली करता? तिथे आपलीच माणसे आहेत!" पहिली दोन वाक्ये मी हसून सोडून दिली. मोंबासा हे बेटावर वसलेले बंदर आहे. तिथे सिंह पाहायचा तर काही तासांचा प्रवास करून आत जावे लागते, आणि जपून तर आपल्या लक्ष्मी रोडवरही चालावे लागते. तिसऱ्या वाक्याशी मात्र माझे भांडण आहे. ते भांडण मी आज, ऐन दिवाळीत, आपल्या घरात घेऊन आलो आहे. करंजी खाताना दाताखाली खडा आला तर वाचकांनी मला शिव्या द्याव्यात. पण खडा कुठून आला, तेही बघावे.

मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. आफ्रिकेविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार काही नाही. माझ्या खात्यावर एक पाप आहे, तेवढेच भांडवल. ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी मोंबासाचा एक मुलगा पुण्यात शिकायला आला होता. घरमालकाशी आणि वाण्याशी बोलता यावे म्हणून तो संध्याकाळी माझ्याकडे मराठी शिकायला येई. ‘ळ’ त्याला पंधरा दिवस छळत होता. सोळाव्या दिवशी त्याने "कावळा" असा खणखणीत उच्चार केला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली, तेव्हा ‘अर्ज कर’ म्हणून त्याला मीच सांगितले. त्याने अर्ज केला. सोसायटीची सभा भरली. "मुलाबाळांची वस्ती आहे," असे एकजण म्हणाले. "उद्या दहाजण येतील," असे दुसरे म्हणाले. तिसऱ्याने, "मला वैयक्तिक काही नाही, पण..." अशी सुरुवात केली, आणि ‘पण’च्या पुढे जे यायचे तेच आले. ‘परदेशी विद्यार्थ्यांस जागा देऊ नये’ असा ठराव झाला. त्याच साली वरच्या मजल्यावर एक जर्मन विद्यार्थिनी सुखाने राहत होती. तिच्या परदेशीपणाची आठवण कुणालाही झाली नाही. ठरावाखाली अकरा सह्या पडल्या. अकरावी सही माझी. मी वाद घातला नाही, बाहेर निघून गेलो नाही, पेन बिघडल्याचे निमित्तही केले नाही. घरी येऊन जेवलो.

तो मुलगा दुसरीकडे राहिला, पदवी घेऊन परत गेला, आणि दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवत राहिला. "म्वालिमू, एकदा आमच्या घरी या," असे त्यात दर वेळी असे. म्वालिमू म्हणजे गुरुजी. शेवटी भिशीचे पैसे आणि एका कादंबरीचे मानधन एकत्र बांधून मी निघालो. शहर पाहायला निघालो असे सगळ्यांना सांगितले. खरे काम वेगळे होते, ते आता तुम्हाला कळलेच आहे.

आता शहराकडे वळू.

मोंबासाचा जुना भाग पायी पाहायचा. जीझस किल्ल्यापासून निघाले की ‘न्दिया कू’ नावाचा रस्ता लागतो. नावाचा अर्थ थोरला रस्ता, पण रुंदी आमच्या तुळशीबागेतल्या बोळाइतकी. दोन्ही अंगांना पोवळ्याच्या दगडाची, चुन्याने लिंपलेली घरे, वर लाकडी सज्जे, खाली नक्षीचे जाड दरवाजे. काही सज्जे डौलात उभे आहेत, काही टेकूवर, आणि काही पडल्या जागी सिमेंटचे खोके आले आहे. दारालगत बसायला दगडी कट्टा असतो, त्याला ‘बराझा’ म्हणतात. आमच्याकडचा ओटा आणि तो बराझा सख्खे भाऊ. संध्याकाळी म्हातारे तिथे टेकतात, आणि निखाऱ्यावर ठेवलेली पितळी किटली घेऊन कॉफीवाला हातातले पेले एकमेकांवर वाजवीत येतो. कॉफी कडू, साखर नाही. सोबत हलव्याचा तुकडा. राजकारण, फुटबॉल, कुणाच्या मुलीचे लग्न कुठे जमले, हे सगळे त्या कट्ट्यावर ऐकू येते. भाषा कळली नाही तरी विषय कळतात!

मुले गल्लीतून धावत येतात आणि थोरल्या माणसासमोर थबकून "शिकामू" म्हणतात. म्हणजे ‘तुमचे पाय धरतो’, असे मला सांगण्यात आले. उत्तरादाखल "मराहबा" म्हणायचे. पाया पडणे ही फक्त आपल्याच संस्कृतीची मिरास आहे, असे मी वर्गात कैक वेळा सांगितले आहे. ते वाक्य मी त्या गल्लीत मनातल्या मनात परत घेतले.

मुलाच्या घरी त्याच्या आईने न्याहारीला ‘महाम्री’ आणि ‘म्बाझी’ केली होती. महाम्री म्हणजे वेलदोड्याचा वास असलेली, नारळाच्या दुधात भिजवलेली, टम्म फुगलेली तळणी. म्बाझी म्हणजे तुरीचे दाणे, तेही नारळाच्या दुधात. नारळ खवायला लाकडी बैठकीला जोडलेले दातेरी पाते, आणि त्यावर बसून ती माउली नारळ खवीत होती, ते बघून मला रत्नागिरीकडची माझी आजी आठवली. त्या खवणीला तिथे ‘म्बुझी’, म्हणजे शेळी, म्हणतात. तिथे वडिलांना ‘बाबा’ म्हणतात, यात आपल्याला नवे काही नाही. पण आईला ‘मामा’ म्हणतात. मी त्या बाईंना आदराने दोनदा "आई" म्हणालो आणि एकदा मुलाचे ऐकून "मामा" म्हणालो, तेव्हा घरभर हशा पिकला. हशाचे कारण मला अजून नीट कळलेले नाही, पण तो कुत्सित नव्हता.

आता मूळ भांडणाकडे येतो. ‘तिथे आपलीच माणसे आहेत’ या वाक्याच्या पोटात दुसरे एक वाक्य असते. परत आल्यावर ते लगेच बाहेर पडले. "काय मास्तर, ते शहर आपल्याच लोकांनी वसवलेले ना? नाहीतर त्या लोकांना काय येत होते!" हे वाक्य मी मोंबासातही ऐकले होते, आणि तेही अस्सल मराठीत. महाराष्ट्रातलेच एक गृहस्थ तिथे नोकरीनिमित्त राहतात; त्यांनी आपुलकीने जेवायला बोलावले, श्रीखंड वाढले. फाटकावरचा पहारेकरी पन्नाशीच्या पुढचा, केस पिकलेला. यजमान त्याला ‘बॉय’ अशी हाक मारत होते. "या लोकांना काही येत नाही हो," असे ते मला म्हणाले. त्या पहारेकऱ्याला स्वाहिली येत होती, घरची गिर्यामा येत होती, कामापुरते इंग्रजी येत होते, आणि निघताना त्याने मला "सावकाश जा" असे मराठीत सांगितले. यजमान तिथे सात वर्षे आहेत. त्यांना स्वाहिलीत आकडे तेवढे येतात.

तेव्हा वाचकहो, हे शहर कुणी वसवले, ते जरा तारखांनिशी पाहू. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३१ साली मोंबासाला उतरला. त्याने तिथली केळी, लिंबे आणि नीट बांधलेल्या लाकडी मशिदी लिहून ठेवल्या आहेत. आणि ‘जम्मून’ नावाचे, बी असलेले एक गोड फळ तिथे मिळते, असेही लिहिले आहे. हे आपले जांभूळच, असे म्हणायला हरकत नाही. तिथल्या बाजारात जांभळाला आज ‘झांबराऊ’ म्हणतात. जुन्या भागातली मंधरी मशीद सुमारे १५७० सालची, म्हणजे किल्ल्याच्याही आधीची आहे. वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये या बंदरात आला, तेव्हा त्याला शहर सापडले. त्याने वसवले नाही. पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय आल्मेदा याने १५०५ साली ते लुटून जाळले, आणि १५२८ साली ते पुन्हा जाळले गेले. जे नाही ते जाळता येत नाही, एवढे तर्कशास्त्र मॅट्रिकलाही येते.

"बरे, आपण नाही तर अरबांनी वसवले असेल," असे म्हणून लोक एक पायरी खाली उतरतात. आफ्रिकेच्या माणसाने काही केले, हे सोडून बाकी काहीही मानायची आपली तयारी असते! गोऱ्या पंडितांनीही पुष्कळ काळ असेच मानले. मग उत्खनने झाली. लामू द्वीपसमूहातल्या शांगा या गावी दगडी मशिदीच्या खाली, त्याही खाली, मातीलाकडाच्या लहान मशिदी निघाल्या, थेट आठव्या शतकापर्यंत. म्हणजे गाव तिथेच रुजले, तिथेच वाढले. २०२३ साली या किनाऱ्यावरच्या जुन्या थडग्यांतल्या अस्थींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकी आणि आशियाई, मुख्यतः इराणी, असे दोन्ही वंश मिसळलेले आढळले. आणि आफ्रिकी वंश बहुतांशी आयांकडून, इराणी बापांकडून आलेला होता. काही हिंदी अंशही सापडला. बाहेरून व्यापारी आले आणि इथल्या घरचे जावई झाले, असा त्याचा साधा अर्थ. जावई आला म्हणून घर जावयाचे होत नाही.

भाषेचेही तेच. ‘स्वाहिली’ हे नाव अरबी ‘साहिल’, म्हणजे किनारा, यावरून आले. आपण कोकणी माणूस म्हणतो, तसे ते किनारी माणूस म्हणतात. शब्दकोशात अरबी शब्दांची रेलचेल आहे. पण व्याकरण, क्रियापद, वाक्याची सारी चाल बांतू कुळातली, आफ्रिकेची आहे. आपल्या बोलण्यात जमीन, कागद, हवा, दुकान, सरकार असे फारसी-अरबी शब्द किती आहेत ते मोजा. ते इतके झाले होते की शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. म्हणून मराठीला कुणी इराणची भाषा म्हणत नाही. याच मोंबासात मुयाका बिन हाजी हा कवी (१७७६ ते १८४०) होऊन गेला. बाजारातली आणि राजकारणातली भांडणे, प्रेमप्रकरणे, शत्रूला दिलेले टोमणे हे सगळे त्याने स्वाहिली छंदांत बांधले. आपल्याकडे त्याच काळात पेशवाईतले शाहीर डफावर थाप मारीत होते. ‘त्या लोकांना काय येत होते’ याचे हे एक उत्तर.

आणि वसवणाऱ्यावरून शहराची मालकी ठरवायचीच असेल, तर माझा एक प्रतिप्रश्न आहे. ज्या शहराला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते १६१० साली खडकी या नावाने वसवले मलिक अंबरने. तिथे नहरीचे पाणी खेळवले तेही त्यानेच. मलिक अंबर जन्मला इथिओपियात, आणि गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनला आला. मग ते शहर आफ्रिकेच्या नावे करायचे का? सात-बारा उतारा एकाच बाजूने वाचता येत नाही.

आपल्या लोकांनी तिथे काही केलेच नाही, असे मी म्हणत नाही. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले होते. त्यात पंजाबचे पुष्कळ. त्यांतले २,४९८ मेले. त्यांच्या नावाने मान लवलीच पाहिजे. पण फुशारकी मारणारे मेलेल्या मजुराचे नाव सांगत नाहीत, ते दुकानदाराची तिजोरी सांगतात. आणि तो लोहमार्ग बांधवून घेणाऱ्या साहेबाने स्थानिकांच्या जमिनी हिसकावल्या, ते तर सांगतच नाहीत.

किल्ल्याची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची आहे. १५९३ साली तो बांधायला घेतला; आराखडा कैराती या इटालियन स्थपतीचा, जो पुढे १५९६ साली गोव्यात वारला. किल्ल्यावर हुकूम चाले तो गोव्याच्या व्हाइसरॉयचा. मोंबासाच्या राजाचा पोर्तुगीजांनी खून करविला, त्याच्या लहान मुलाला गोव्यात आणून पाद्र्यांच्या हाती दिले, बाप्तिस्मा दिला, दोम जेरोनिमो नाव ठेवले, आणि आपला माणूस झाला असे समजून १६२६ साली गादीवर बसायला परत पाठवले. पाच वर्षांनी, ऑगस्ट १६३१ मध्ये, त्याच युसुफ बिन हसनने किल्ल्यात शिरून पोर्तुगीजांची कत्तल केली. ती कत्तल भयंकर होती आणि तिचे समर्थन मी करीत नाही. पण ‘आपला माणूस’ हे शब्द किती फसवे असतात, ते त्या व्हाइसरॉयला त्या दिवशी कळले असेल. पुढे १६९६ पासून तेहतीस महिने ओमानी अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. मदतीला आलेले एक लढाऊ जहाज १६९७ साली किल्ल्याच्या पायथ्याशी बुडाले. ते जहाज बांधले होते आपल्या वसईला! १९७७ ते १९८० या काळात पाणबुड्यांनी त्याचे उत्खनन केले. वसईच्या सुतारांचे कसब मोंबासाच्या चिखलात तीनशे वर्षे टिकले, याचा अभिमान जरूर धरावा. पण ते जहाज कुणाच्या चाकरीत गेले होते, तेही त्याच दमात सांगावे.

पोर्तुगीजांचे ऋण दोन्ही किनाऱ्यांवर एकसारखेच आहे. मोंबासाच्या मंडईत मी एक ओळखीचे फळ हाती घेऊन नाव विचारले. "पेरा," विकणारी म्हणाली. आपला पेरू! अननसाला ‘नानासी’. एकाच लुटारूने दोन्ही घरांत हे शब्द टाकले. आणि आपण दिलेले शब्दही आहेत: चपाती, कचुंबरी, गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’. मक्याला तर ते ‘महिंदी’ म्हणतात आणि हिंदी माणसाला ‘मुहिंदी’. गल्लीतली पोरे मला पाहून "मुहिंदी, मुहिंदी" ओरडत, तेव्हा आपण कणसाचे नातलग आहोत, असे मला वाटून जाई. ‘बियाशारा’ रस्त्यावर बायका ‘लेसो’ विकत घेतात. रंगीत जोडवस्त्र, आणि त्याच्या काठावर एक म्हण छापलेली. शेजारणीला टोमणा मारायचा तर तसली म्हण असलेला लेसो नेसून तिच्या दारावरून जायचे, एक शब्द बोलायचा नाही! यांतले पुष्कळ लेसो भारतात छापून जातात. म्हण मात्र तिकडचीच लागते. आपली चालत नाही.

आता कडू घोट. मोंबासा १८३७ पासून झांझिबारच्या सुलतानाच्या ताब्यात होते. गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की आपण लगेच अरबांकडे बोट दाखवतो. पण सुलतानाची जकात वर्षानुवर्षे मक्त्याने घेतली होती ती कच्छी भाटियांच्या पेढीने, जयराम शिवजींच्या. आत जाणाऱ्या तांड्यांना भांडवल देत ते हिंदी सावकार. ते तांडे हस्तिदंत आणीत आणि माणसेही आणीत. त्या हस्तिदंताचा मोठा वाटा आपल्याकडे येई आणि लग्नातले चुडे होई. १८६० साली इंग्रज वकील रिग्बीने झांझिबारात हिंदी व्यापाऱ्यांच्या घरचे हजारो गुलाम सोडवले, हे इतिहासात नमूद आहे. मोंबासाच्या मोई रस्त्यावर आज पत्र्याच्या प्रचंड सुळ्यांच्या कमानी उभ्या आहेत. १९५० च्या दशकात इंग्रज राजघराण्याच्या स्वागतासाठी त्या उभारल्या. प्रवासी त्यांच्याखाली उभे राहून छायाचित्रे काढतात. मीही काढले. मग खरे सुळे वाहून आणणाऱ्या खांद्यांचा विचार मनात आला आणि ते छायाचित्र मी कुणाला दाखवले नाही.

आणि याच कथेत एक पान आपल्या नाशिकचे आहे, जे कुठल्याही क्रमिक पुस्तकात मी वाचले नाही. इंग्रज आरमार अरबी गलबतांतून जे आफ्रिकी गुलाम सोडवी, त्यांतले कित्येक मुंबईला उतरवले जात. त्यांतल्या मुलांना मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूर येथे ठेवले, लिहायला-वाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले. तिथला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर १८७४ साली थेट लंडनपर्यंत गेला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर, ज्यांनी मुंबईच्या फोर्टाचा तट पाडवला, ते १८७३ साली गुलामीविरुद्ध बोलणी करायला झांझिबारला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सुलतानाने करारावर सही करून तिथला गुलामांचा बाजार बंद केला. १८७५ साली मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिचे नाव फ्रियरटाउन. आणि तिथे जाऊन शिकवणारे, राबणारे पहिले लोक आपल्या नाशिकहून गेलेले होते. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्या वसाहतीची घंटा अजून रस्त्याच्या कडेला उभी आहे, त्या जागेला ‘केंगेलेनी’ म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. गुलाम पकडणारे आले की ती वाजवीत, असे सांगतात.

‘तिथे आपलीच माणसे आहेत’ या वाक्याला त्या घंटेपाशी उभे राहून मी प्रथमच अर्थ दिला. नाशिकच्या मातीत वाढलेली, आणि तरी ज्यांची आठवण आपण ठेवली नाही, ती ही आपली माणसे. किंवा पिओ गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला हा गोवेकर केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला, गोव्याच्या मुक्तीसाठीही झगडला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत गोळ्या घालून मारला गेला. त्याने ‘आम्ही हे वसवले’ असे सांगितले नाही. तो त्यांच्या बाजूला उभा राहिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि तो मुलगा त्यांच्या बराझावर बसलो होतो. कॉफीवाला नुकताच पेले वाजवीत गेला होता. मी एकदाचे बोलून टाकले. "तुझ्या अर्जावर जो ठराव झाला, त्यावर माझी सही होती."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग मराठीतच म्हणाला, "माहीत आहे, सर. तो कागद तुमच्या इमारतीत फळ्यावर लावला होता. मी वाचला. ‘ठराव’ हा शब्द तुम्ही शिकवला नव्हता, मी कोशात पाहिला."

"मग तू पुढे शिकायला का येत राहिलास?"

"परीक्षा होती ना," तो म्हणाला. "आणि दुसरा मास्तर कुठे शोधू?"

आईने आतून हाक मारली, आम्ही जेवायला गेलो. त्याने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही. विचारण्याचा माझा हक्कही नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मला लिकोनीच्या तरीवर घेऊन गेला. पायी जाणाऱ्याला तिथे पैसे पडत नाहीत. हजारो माणसे, सायकली, माशांच्या टोपल्या, शाळेची पोरे असे सगळे एकमेकांना चिकटून पाणी ओलांडतात. त्या गर्दीत मला कुणी विचारले नाही की तू इथे का.

वर्गात ‘अंधारे खंड’ हे शब्द मी वीस वर्षे उच्चारले. ते मी आता उच्चारत नाही. पण एका मास्तराने जीभ आवरून काय होणार? भाड्याची जागा शोधणारी आफ्रिकेची मुले आजही पुण्यात दारोदार फिरतात, आणि आजही ‘मला वैयक्तिक काही नाही, पण’ हेच वाक्य दार उघडते आणि तेच लावून घेते. ज्या माणसांना आपण परदेशात ‘आपली’ म्हणून मिरवतो, त्यांना तिथल्या लोकांनी दीडशे-दोनशे वर्षे जागा दिली. एका मुलाला दोन खोल्या देताना आपले हात थरथरतात.

परत आल्यावर मी सोसायटीच्या सभेत तो ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. बाजूने तीन हात वर झाले: एक माझा, एक दुसऱ्या मजल्यावरच्या विधवा आजींचा, आणि एक नव्याने राहायला आलेल्या तरुणाचा. सूचना पडली. तळमजल्यावरची जागा पुन्हा रिकामी झाली आहे, आणि पुढची सभा दिवाळीनंतर आहे. सूचना मी नव्याने लिहून ठेवली आहे. या वेळी सह्यांत पहिली सही माझी आहे. उरलेल्या गोळा करायला मी पाडव्याला घरोघर फराळाला जाणार आहे. ज्यांच्या घरी जाईन त्यांनी चकली जरूर द्यावी, पण पेनही जवळ ठेवावे.